परबबाई आणि श्वास घेणारी फिल्म

परबबाई कुणावर चिडल्या की त्याला खायला घालत. साधा राग असेल तर खटखटे लाडू. जरा खोल गेला असेल तर घावणे आणि त्याबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. डबा त्या स्वतः त्या माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या, झाकण उघडून द्यायच्या आणि तो खाईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. समोरचा बिचारा खूश. बाई केवढ्या प्रेमळ, असं तो चार लोकांना सांगत सुटायचा. आम्ही जुनी मंडळी मान खाली घालून आपापलं काम करत राहायचो, कारण या माणसाचं आता काही खरं नाही हे आम्हाला कळलेलं असायचं.

आमचा स्टोअरकीपर असाच एक हिवाळाभर लाडू खात होता. बाईंनी मागवलेली द्रावणाची बाटली त्याने आळसाने उन्हात ठेवली होती आणि अर्धी उडून गेली होती. बाई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. पुढे साठा तपासायला वरची माणसं आली. 'बाईंनी वापरलं' एवढं बाईंनी म्हणावं म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. बाई म्हणाल्या, "मी थेंब वापरला नाही. उन्हात उडालं." एवढंच. बाई खोटं कधी बोलत नसत, खरं केव्हा बोलायचं तेवढं ठरवत.

मला त्यांनी कधी चण्याचा दाणासुद्धा दिला नाही. भूक लागली म्हटलं तर म्हणायच्या, "खाली जाऊन वडापाव खा की मेल्या." ते मी माझं भाग्य समजत असे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मुलुंडच्या कारखान्यांच्या रांगेतल्या एका खासगी संशोधन संस्थेतली. बाई मूळच्या मालवणकडच्या, वाढलेल्या भांडुपला. एम. एस्सी. झालेल्या, लग्न न केलेल्या, मंगल नावाच्या भाचीबरोबर मुलुंडलाच दोन खोल्यांत राहणाऱ्या. ठेंगणी मूर्ती, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा आणि बोटांच्या टोकांना कायमचे काळे-हिरवे डाग. हे डाग त्यांच्या कामाचे. वीज वाहून नेणारं प्लास्टिक तयार करायचं वेड तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांना लागलं होतं. प्लास्टिक म्हणजे वीज अडवणारी वस्तू, हे आपण शाळेत शिकलेलो. बाईंचं प्लास्टिक ती नेत होतं. काचेच्या बशीत त्या त्याचा पातळ थर धरवायच्या, धुवायच्या, सुकवायच्या आणि मग चिमट्याने एका कोपऱ्यातून उचलून अखंड सोलून काढायच्या. कार्बन पेपरसारखी काळी, झिलईदार फिल्म. ती सोलणं बाईंखेरीज कुणालाही जमत नसे. आमच्या हातून ती फाटायचीच.

फाटण्याचं कारण बाई एकच सांगत. "घाई." थर वरून सुकलेला दिसतो, पण आत ओल असते, आणि ओल्या फिल्मला हात लावला की गेली. कुणी मागे लागलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "सुकल्याशिवाय सोलूची नाय." संचालक स्वतः पाहुण्यांना घेऊन आले होते तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं आणि पाहुण्यांना ओल्या बशीकडे बघून परत जावं लागलं.

अशा जागी डॉ. प्रधान आमच्यावर साहेब म्हणून आला. समोर मी त्याला कायम 'सर' म्हणत आलो, पण हा लेख माझा आहे, इथे मी त्याला एकेरीच लिहिणार. मी क्षमाशील माणूस नाही. परदेशात शिकलेला, गोरा, तलम शर्टातला, आवाज कधी न चढवणारा. माणसाचा अपमानही तो इतक्या मऊ आवाजात करायचा की घरी गेल्यावर तो लागायचा. पहिल्याच आठवड्यात बाई त्याला फिल्मच्या वाहकतेबद्दल काही समजावून सांगत होत्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फिल्म तुम्ही करा बाई. फिजिक्स आम्ही बघतो."

मी तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला, तात्पुरत्या जागेवर. फिल्ममधून जाणारा अगदी बारीक प्रवाह मोजायला मी एक यंत्र बांधलं होतं. ते सेकंदाला दहा वेळा प्रवाह मोजायचं आणि आकडा संगणकाला द्यायचं. आता अडचण अशी असते की भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि तिचा संसर्ग खोलीतल्या प्रत्येक तारेला होतो. तो गाळायला मी पुढे एक फिल्टर बसवला होता. प्रधानला तो खुपला. "मिस्टर कदम, तुमचा हा डबा माझा सिग्नल गिळतोय. मला कच्चा सिग्नल हवा आहे." मी नको म्हटलं. त्याने माझ्यादेखत फिल्टर काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर लाट आली. सावकाश वर जाणारी, सावकाश खाली येणारी, निजलेल्या माणसाच्या छातीसारखी. सकाळी संथ, संध्याकाळी भराभर. प्रधान खुर्चीतून उठला तो बसेचना. प्लास्टिकच्या लांब साखळ्या उष्णतेने सैल होतात आणि आवळतात, त्यामुळे प्रवाह वरखाली होतो, असं त्याचं म्हणणं. दिवसभराची ऊब साठली की संध्याकाळी वेग वाढतो. "ही फिल्म श्वास घेते आहे," तो म्हणाला. मग ते सगळेच म्हणायला लागले.

मी म्हटलं, "सर, हा श्वास नाही. ही मेन्सची, भिंतीतली वीज आहे." ट्यूबलाइटच्या उजेडात फिरत्या पंख्याची पाती कधीकधी सावकाश, उलटीच फिरताना दिसतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हेही तसंच. सेकंदाला पन्नास हेलकाव्यांकडे तुम्ही सेकंदाला दहाच वेळा पाहिलं, तर प्रत्येक वेळी हेलकावा जवळजवळ त्याच जागी आलेला सापडतो, किंचित सरकलेला. ते सरकणं आपल्याला एक संथ लाट म्हणून दिसतं. आणि वीज बरोब्बर पन्नासावर कधी नसतेच. संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की वीजकेंद्रांवर ताण येतो, ती पन्नासाच्या आणखी खाली घसरते, आणि लाटेचा वेग वाढतो. फिल्टर परत लावा, लाट जाईल. प्रधानने हे सगळं ऐकलं. मग खोलीतल्या पाचसहा जणांकडे बघून हसला. "मिस्टर कदम रेडिओ फार छान दुरुस्त करतात," तो म्हणाला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

माझी मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली नाही. प्रधानने माझ्याबद्दल काय कळवलं ते मला नंतर कारकुनाने सांगितलं. 'मापनाबाबत मूलभूत समज नाही.' मी घाटकोपरला एका गाळ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. रंगीत टीव्ही नुकते आले होते, जुने काळे-पांढरे धडाधड बिघडत होते, धंदा बरा चालला. पण सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की ते हसणं मला ऐकू यायचं. मी रोज मनातल्या मनात प्रधानला संस्थेच्या जिन्यावरून ढकलून देत असे.

त्याच सुमारास प्रधानचा निबंध परदेशी मासिकात छापून आला. श्वास घेणारी फिल्म. वर एकट्याचं नाव. तळाशी बारीक अक्षरांत, नमुने तयार केल्याबद्दल श्रीमती परब यांचे आभार. बाई श्रीमती नव्हत्या, कुमारी होत्या, तेवढीही त्याने चौकशी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्या टेबलावर घावणे नेऊन ठेवले. हे मला त्यांनीच दुकानात येऊन सांगितलं. मी विचारलं, "रस पण?" त्या म्हणाल्या, "रस पण." त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी छान झोप लागली.

बाई अधूनमधून दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या, मी मागवलेला चहा प्यायच्या. अशाच एका संध्याकाळी मी एक जुना सेट टेबलावर लावून ठेवला होता. त्या सेटमधला मोठा कंडेन्सर सुकला होता. तसं झालं की चित्रावरून एक काळपट आडवा पट्टा सावकाश वर सरकत राहतो. वर जाऊन नाहीसा होतो, पुन्हा खालून येतो. असले पट्टे मी रोज घालवत होतो. कारणही मला ठाऊक होतं. स्टेशनवरून चित्र अगदी नेमक्या पन्नासने येतं, घरातली वीज पन्नासच्या जरा मागेपुढे असते, आणि दोहोंतला फरक म्हणजे तो पट्टा. पण मला जे सुचलं नव्हतं ते बाईंना दिसलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"कदमा," त्या म्हणाल्या, "ह्यो तर माझ्या फिल्मीचो श्वास."

दुसऱ्या दिवशी आम्ही ताडून पाहिलं. प्रयोगशाळेतली माणसं घरी गेल्यावर बाई मुलुंडहून फोनवर बसल्या. इकडे मी शेजारच्या मेडिकलवाल्या शहांचा फोन तार ताणून माझ्या उंबऱ्यापर्यंत आणला होता आणि तो बिघडलेला सेट समोर लावला होता. लाट टोकाला गेली की बाई म्हणायच्या, "वर." पट्टा वरच्या काठाशी नाहीसा झाला की मी म्हणायचो, "गेला." वर. गेला. वर. गेला. दोन्हीमध्ये थोडं अंतर होतं, पण ते अंतर बदलत नव्हतं. औषधं घ्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघत होती. मग बाहेर अंधारून आलं, रस्त्यावर, इमारतींतून, दुकानांतून दिवे लागत गेले आणि आमचं 'वर, गेला' दोन्हीकडून एकदमच भराभर व्हायला लागलं. घाटकोपरचा टीव्ही आणि मुलुंडची फिल्म एकाच दमात धापा टाकत होती. फोनवर बाई हसल्या. बाईंचं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "उद्याच संचालकांकडे जाऊ या."

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? सांगायला."

"तू सांगितलेलंस ना एकदा? काय झाला? रेडिओवालो झालंस." बाईंचा आवाज एकदम कोरडा झाला. "आता सांगलंय तर प्रधान गुपचूप फिल्टर लावीत आणि आपणच चूक शोधली म्हणून आणखी एक निबंध छापीत. अजून ओली आसा, कदमा. सुकल्याशिवाय सोलूची नाय."

सुकायला वर्ष लागलं. त्या वर्षात प्रधानने काय काय खाल्लं त्याची मला खडान्‌खडा बातमी असे. खटखटे लाडू, घावणे, पातोळे, गणपतीच्या दिवसांत खास त्याच्यासाठी वेगळे काढलेले मोदक. तो मजेत होता. बाई आता सुधारल्या, असं सगळ्यांना सांगायचा. वजन वाढलं त्याचं. इकडे त्याचा श्वासही गाजत होता. दोन परिषदांना जाऊन आला, आणि आता दिल्लीची समिती स्वतः मुलुंडला येऊन प्रयोग पाहणार होती. समितीला पटलं तर नवीन केंद्र, नवीन इमारत, आणि त्या केंद्राचा प्रमुख प्रधान.

ही बातमी घेऊन बाई आल्या तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "बाई, हे उघडं पडलं की नुसता प्रधान जाणार नाही. तुमची फिल्मही जाईल. खरं-खोटं निवडायला कोण बसतंय? सगळं प्लास्टिकच बंद करून टाकतील. इतक्या वर्षांचं काम आहे तुमचं."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. काचा स्वच्छच होत्या. "माका काय कळत नाय असा वाटता तुका?" त्या म्हणाल्या. चष्मा परत लावून म्हणाल्या, "माझी फिल्म वीज नेता. ता तिचा काम. श्वास घेणा तिचा काम नाय. ह्या माणसान तिका नाचवल्यान, आणि वर माका आभार दिल्यान." उठताना म्हणाल्या, "त्या दिवशी ये. धुतलेला शर्ट घाल."

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि सभागृहात अगदी शेवटच्या रांगेत बसलो. सभागृह भरलेलं. पुढे दिल्लीची मंडळी, त्यांच्यात एक पांढऱ्या केसांचे वृद्ध मराठी शास्त्रज्ञ. मंचावर टेबल, टेबलावर माझंच यंत्र, फिल्म ठेवायची झाकणाची पेटी, आणि सगळ्यांना दिसेल असा मोठा पडदा. बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. माझ्या शेजारून जाताना त्यांनी ओळख दाखवली नाही. दुपारी त्यांनी प्रधानला घावणे खाऊ घातले होते, हे मला दारावरच्या शिपायाने सांगितलं.

"आता आमच्या परबबाई फिल्म बसवतील," प्रधान म्हणाला. "त्यांचा हात अतिशय हलका आहे." बाई टेबलापाशी गेल्या, पेटीचं झाकण उघडलं, सभेकडे पाठ करून आत काहीतरी केलं आणि झाकण बंद केलं. पडद्यावर लाट आली. सभागृहातून एक हुंकार निघाला. बाई मंचाच्या कडेला खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

प्रधान बोलला मात्र सुरेख. एरवी मी त्याचं कौतुक करणार नाही, पण त्या दिवशी तो सुरेख बोलला. साखळ्या कशा उलगडतात, कशा आवळतात, प्रत्येक चढ का येतो, प्रत्येक उतार का येतो, सगळं पडद्यावर बोट ठेवून सांगत गेला. बाहेर दिवस मावळत होता. कारखान्यांचे, घरांचे, स्टेशनांचे दिवे लागत होते आणि लाट हळूहळू भराभर होत होती. प्रधानला ती पर्वणी वाटली. तो थांबला, सभेकडे वळला आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाला, "पाहा. सभागृह भरलं आहे. आपल्या सगळ्यांच्या अंगाची ऊब तिच्यापर्यंत पोचली, आणि तिचा श्वास वाढला." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जरा जोरातच. बाई वाजवत नव्हत्या, त्यांचे दोन्ही हात पर्सवर होते.

व्याख्यान संपल्यावर ते वृद्ध शास्त्रज्ञ उठले. "डॉक्टर, ती फिल्म आम्हाला जवळून पाहता येईल का?"

"अवश्य. बाई, जरा दाखवता का?"

बाईंनी पर्स उघडली. आतून एक झाकलेली काचेची बशी काढली आणि जाऊन त्यांच्या हातात दिली. "ही घ्या. सांभाळून धरा."

प्रधान हसला. "नाही बाई, ही नव्हे. आतली दाखवा."

"आत काही नाही, सर," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, खाली चहा सांगितलाय म्हणावं तसा. "मी आज बसवलीच नाही. फिल्म ही एवढीच."

पडद्यावर लाट चालूच होती. वर, खाली, वर, खाली. ते वृद्ध गृहस्थ सावकाश मंचावर चढले, त्यांनी पेटीचं झाकण स्वतः उघडलं, वाकून आत पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. पेटीत नुसते मोकळे चिमटे होते. "मग श्वास कोण घेतंय?" त्यांनी विचारलं.

"मागे कदम बसलेत, त्यांना विचारा," बाई म्हणाल्या. "त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा ते रेडिओवाले होते."

सगळं सभागृह मागे वळलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "भिंतीतली वीज आहे, सर. पन्नास सायकल. फिल्टर लावला की जाईल." कुणीतरी हसलं, मग आणखी कुणीतरी. या वेळी ते माझ्याकडे बघून हसत नव्हते. प्रधानने टेबलाची कड धरली होती. तोंड अर्धवट उघडं, आणि सबंध व्याख्यानभर आपण एका रिकाम्या पेटीचा गौरव करत होतो हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत चाललेलं. तो चेहरा मला आजही लख्ख आठवतो. कधी मन उदास असलं तर मी तो मुद्दाम आठवतो.

पुढे मी म्हटलं होतं तसंच झालं. केंद्राचा प्रस्ताव समितीबरोबर दिल्लीला परत गेला. प्रधानने राजीनामा दिला. आणि सालभरातच संस्थेने प्लास्टिकचा विभागही बंद केला. बाईंच्या फिल्म्स, बशा, काचा, सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. त्या गाडीपर्यंत बाई स्वतः गेल्या होत्या म्हणे. त्यांना पाइप तपासायच्या खात्यात टाकलं. पाण्याच्या पाइपात दाब वाढवत न्यायचा आणि तो केव्हा फुटतो ते पाहायचं. "बरा आसा," त्या मला म्हणाल्या. "फुटलो की कळता तरी." हळूहळू त्यांच्या बोटांवरचे काळे-हिरवे डाग गेले.

त्यानंतर एकदा दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि प्रधान उतरला. रिक्षावाल्याच्या मदतीने त्याने एक टीव्ही आत आणला. शर्ट तलमच होता, पण कॉलर विरलेली. तो घाटकोपरलाच राहायला आला होता. दुकान माझं आहे हे त्याला माहीत होतं. "तुम्हीच बघा," तो म्हणाला, आणि ज्या स्टुलावर बाई बसायच्या त्यावर बसला.

दुपारी स्टेशन बंद असायचं, पण सेट तपासायला पडद्यावर उभ्या पट्ट्यांचं चित्र दाखवणारं माझं यंत्र होतं. ते लावून मी सेट चालू केला. पडद्यावर काळपट आडवा पट्टा सावकाश वर सरकत होता. देवाने इतकं सोपं करून दिल्यावर मी कसा सोडणार? मी म्हटलं, "काही झालेलं नाही, सर. टीव्ही श्वास घेतोय."

त्याने मान वर केली. मग तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला. माणूस हुशार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मला काहीएक समजावून सांगावं लागलं नाही. पट्टा वर गेला, नाहीसा झाला, खालून आला. "हा पट्टा आमच्याकडे तेव्हापासून आहे," तो शेवटी म्हणाला. "निबंध लिहिला तेव्हापासून. बायको रोज म्हणायची, कुणाला तरी दाखवा. म्हणजे रोज संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्या समोर..." त्याने रुमाल काढला, पण तो हातातच धरून ठेवला.

हा क्षण मी किती वेळा मनात रंगवला होता, आणि तो मी रंगवला होता त्याहून चांगला निघाला. तरी मी पेचकस उचलला. मी सेट उघडला, सुकलेला कंडेन्सर काढला, नवा लावला. पट्टा गेला. त्याने "थँक यू, मिस्टर कदम" म्हटलं, आणि त्या 'मिस्टर'मध्ये या वेळी काही नव्हतं.

बाई तेव्हा आजारी होत्या. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. मी मुलुंडला गेलो तो ही बातमी कधी एकदा सांगतो असं होऊन. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. मी सगळं सांगितलं, रिक्षापासून. 'टीव्ही श्वास घेतोय' ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"मगे? तो काय बोललो?"

मी सांगितलं.

"रडलो?"

"जवळजवळ."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. मग उघडले. "आणि टीव्ही?"

"कंडेन्सर बदलला. झाला छान."

"पट्टो?"

"गेला."

खिडकीतून शेजारच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. "कित्याक काढलस?" त्या म्हणाल्या. "रोज बघत बसलो असतो तो." मी म्हटलं, "बाई, तो फार खचलाय हो. मला दया आली." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हातांच्या काड्या झाल्या होत्या, पण ती नजर तीच होती. मग आत बघून त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मंगल, ह्येका घावणे वाढ गो. रस पण घाल."

मंगलला काय ठाऊक, तिने कौतुकाने ताट आणून पुढ्यात ठेवलं. बाई मी खाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. उभं राहायची ताकद नव्हती, नाहीतर उभ्याच राहिल्या असत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या घरचा पहिला घास मी तेव्हा खाल्ला. घावणे फार सुरेख झाले होते, जाळीदार, मऊ. मी ताट पुसून खाल्लं, कारण दुसरा इलाज नव्हता, आणि खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पाहिलं.

थोड्याच दिवसांत बाई गेल्या. माझ्यावरचा तो राग सुकायला त्यांना वेळ मिळाला नाही. पण बाई काम अर्धवट सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. वर कुठेतरी कडेला खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन त्या बसलेल्या असतील, घाई न करता. मी आपला धुतलेला शर्ट तयार ठेवला आहे.